सवडीने, पण आजच

मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी टेबलावरचा फोन वाजला, की तो कुणाचा हे वैजयंती सबनीसांना बघावं लागत नसे. हर्णैची रुबीना मुकादम. गेल्या सात महिन्यांत परराष्ट्र खात्यातल्या चार साहेबांच्या बदल्या झाल्या, दोन समित्या नेमल्या गेल्या, त्यातली एक बरखास्तही झाली. रुबीनाचा मंगळवार मात्र एकदाही चुकला नाही.

"म्याडम, काय हाललं का?"

"हाललंय. राजदूत ठरतायत. या आठवड्यात नाव राष्ट्रपतींकडे जाईल."

"मागच्या महिन्यात पण तुम्ही असंच बोलला होतात."

"बोलले होते," वैजयंतीबाई म्हणाल्या. या बाईशी खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "सादिकभाईंच्या गोळ्या?"

"महिनाभराच्या उरल्यात. आता अर्धी अर्धी खातो म्हणतो. शुगरच्या गोळ्या अशा अर्ध्या खाऊन चालतात का, म्याडम?"

चालत नाहीत, हे दोघींनाही माहीत होतं. रुबीनाचा नवरा सादिक मुकादम 'सागरगंधा' नावाच्या मालवाहू जहाजावर फिटर होता. पॅसिफिकमधल्या तालोवा या चिमुकल्या बेटांच्या देशाच्या बंदरात त्या जहाजातून तेल सांडलं, तिथलं प्रवाळ मेलं, तालोवाने जहाज अडवलं, आणि जहाजाच्या मालकांनी कचेरीला कुलूप ठोकून पोबारा केला. मागे राहिले जहाजावरचे एकोणीस खलाशी. त्यांना किनाऱ्यावर उतरायची परवानगी नव्हती. त्यांच्यासाठी भांडायला तिथे आपला राजदूत हवा होता, आणि राजदूताची खुर्ची चौदा महिने रिकामी होती.

राजदूत नेमायचा तो राष्ट्रपतींनी. नाव सुचवायचं सरकारने. पूर्वी ते नाव कसं ठरायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. कुणाचा जावई, कुणाचा वर्गमित्र, कुणी निवडणुकीत आपटलेला. त्याचा इतका बोभाटा झाला की २०३७ साली कायदा करून नियुक्ती परीक्षण मंडळ स्थापन झालं. राजदूत असो, आयोगाचा अध्यक्ष असो, ज्या नावावर राष्ट्रपतींची सही व्हायची ते नाव आधी मंडळाच्या 'प्रतिमानस' या यंत्रातून गेलंच पाहिजे.

प्रतिमानसामागची कल्पना अगदी सरळ होती. माणूस मुलाखतीत काय बोलतो त्यावर जाऊ नका, त्याने आयुष्यभर काय लिहिलं ते बघा. सरकारी अधिकारी तीस वर्षांत हजारो टिपणं लिहितो, आणि प्रत्येक टिपण म्हणजे एक निर्णय असतो. समोर आलेल्या दहा गोष्टींतली त्याने आधी कोणती उचलली, कोणती वगळली, कुणाला विचारलं, कुठे थांबला, लिहिलेलं काय खोडलं. हे सगळं कचेरीच्या संगणकांत साठलेलं असतंच. यंत्र ते वाचून त्या माणसाची विचार करायची वाट शोधून काढायचं, आणि त्या वाटेने चालणारं एक प्रतिरूप उभं करायचं. मग ते प्रतिरूप परीक्षेला बसवायचं. देश खोटा, संकट खोटं, मंत्री खोटे. पण कायदे, माणसं, त्यांचे हेवेदावे सगळे खऱ्याबरहुकूम. एकच संकट दहा हजार वेळा, दर वेळी थोडं बदलून. शब्दांची नक्कल करणारी यंत्रं आधीही होती. हे यंत्र माणसाच्या निवडीची नक्कल करायचं, आणि तीन वर्षांत ते क्वचितच चुकलं होतं.

तालोवासाठी सत्तेचाळीस अधिकाऱ्यांची प्रतिरूपं चालवली गेली. सेहेचाळीस जणांना शंभरातून तीस वेळासुद्धा खलाशी सोडवता आले नाहीत. एकाने चौऱ्याण्णव वेळा सोडवले. त्याचं नाव यशोधन राजाध्यक्ष.

वैजयंतीबाईंनी ते नाव वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. राजाध्यक्ष म्हणजे त्यांचे साहेब. सव्वीस वर्षं त्या त्यांच्या स्वीय सचिव होत्या. दोन परदेशांत आणि दिल्लीतल्या चार वेगवेगळ्या दालनांत.

राजाध्यक्ष माणूस वाईट नव्हता. उलट लाघवी होता. चाळीस देशांतल्या माणसांच्या मुलाबाळांची नावं त्यांना पाठ, जेवणाच्या टेबलावर एकदा बोलायला लागले की शेजारचा घास घ्यायचा विसरायचा. फक्त त्यांना काही ठरवायला सांगू नये. चहा की कॉफी एवढं विचारलं तरी "बघू" म्हणायचे. फाइल आली, की "सबनीसबाई, तुम्ही जरा बघून घ्या." बाई बघून घ्यायच्या. टिपण बाई लिहायच्या. सह्या संगणकावर होऊ लागल्या तेव्हा साहेबांच्या सहीची किल्ली, ती बोटभर लांबीची, संगणकात खोचायची, तीही बाईंच्याच खणात आली, आवळा सुपारीच्या रिकाम्या डबीत. साहेबांच्या नावाने आत शिरायचं, साहेबांच्या नावाने लिहायचं, साहेबांची सही करायची आणि पुढे सरकायचं.

हे नियमाविरुद्ध होतं. आपली किल्ली दुसऱ्याला देऊ नये, असं परिपत्रक दर जानेवारीत निघायचं. त्यावरही स्वीय सचिवच सह्या करायचे. एकट्या राजाध्यक्षांची ही तऱ्हा नव्हती, त्या अख्ख्या मजल्यावर खणात डबी नसलेलं टेबल शोधून सापडलं नसतं.

अहवाल दोनशे बारा पानांचा होता. साहेबांच्या पत्त्यावर आला, म्हणजे बाईंनीच उघडला. एकतिसाव्या पानावर त्या थबकल्या. तिथे लिहिलं होतं, की तिसऱ्या दिवशी प्रतिरूपाने बंदरमंत्र्यांची भेट मागितलीच नाही, त्याऐवजी बंदर नोंदणी कचेरीतल्या मुख्य कारकुनाला पत्र लिहून विचारलं, "कोणता कागद अडला आहे?" आणि पत्राच्या शेवटी लिहिलं, "आपल्या सवडीने, पण आजच."

बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला.

त्यांचे वडील कुडाळला पोस्टमास्तर होते. वरच्या कचेरीला चिठ्ठी पाठवायची झाली की शेवटी हेच लिहायचे. साहेबाचा मानही राहतो आणि कामही त्याच दिवशी होतं, असं त्यांचं म्हणणं. आणि फाइल मंत्री अडवत नाही, एखादा कागद अडवतो, तो कुठे आहे ते फक्त कारकुनाला माहीत असतं, हेही त्यांचंच. बाईंनी हे दोन धडे सव्वीस वर्षं वापरले होते. या दोनशे बारा पानांत राजाध्यक्षांचं नाव चारशे वेळा होतं आणि राजाध्यक्ष कुठेच नव्हते.

दुसऱ्या कुणाला अभिमान वाटला असता. बाईंना आधी संताप आला, आणि तो ओसरल्यावर भीती वाटली. कारण प्रतिरूप तालोवाला जाणार नव्हतं. जाणार होते खरे राजाध्यक्ष, आणि बाई एकतीस मार्चला निवृत्त होत होत्या. मध्ये सहा आठवडे होते.

*

"सर, अभिनंदन," त्या साहेबांच्या खोलीत जाऊन म्हणाल्या. "पण हे तुम्ही नाही."

"म्हणजे?"

"अहवालातलं प्रतिरूप. ती मी आहे."

राजाध्यक्ष हसले. त्यांचं हसणंही असं होतं की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं. "सबनीसबाई, नोकरीत मी एक नियम शिकलो. सही ज्याची, मत त्याचं. उद्या एखाद्या टिपणात घोटाळा निघाला असता तर कुणाला धरलं असतं? मलाच ना?"

"निघाला नाही ना पण."

"तेच म्हणतोय मी!"

बाईंनी दीर्घ श्वास घेतला. "बरं सर, एक सांगा. तालोवात पोचल्यावर पहिल्या दिवशी काय कराल?"

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. "बघू. मंत्र्यांना जेवायला बोलावू. जेवणावर माणूस मोकळा होतो."

"पान एकशे चार. मंत्र्याकडे आधी गेलं की तो विषय मंत्रिमंडळात नेतो, मग तो देशाच्या इभ्रतीचा प्रश्न होतो, आणि एकोणीस माणसं दीड वर्ष तिथेच कुजतात. दहा हजारांत नऊ हजार वेळा."

"मग तुम्ही चला की बरोबर," राजाध्यक्ष उत्साहाने म्हणाले. त्यांना खरोखरच तो उपाय वाटला. "तीन वर्षांची मुदतवाढ मागून घेऊ तुमच्यासाठी. त्याचं टिपण..." इथे ते जरा अडखळले. "टिपण तुम्हीच करून टाका."

*

मंडळाच्या तंत्रज्ञ डॉ. निवेदिता बोरठाकूर यांना बाई जेवणाच्या सुट्टीत भेटायला गेल्या. बोरठाकूर चाळिशीच्या, हुशार, आणि हुशार माणसांइतक्याच समजावून सांगायला कठीण. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे स्वाभाविक आहे," त्या म्हणाल्या. "सव्वीस वर्षं एका माणसाबरोबर काम केलं की आपण त्याच्यासारखा विचार करायला लागतो. तुमच्यावर राजाध्यक्षांचा प्रभाव पडलाय."

"माझ्यावर? त्यांचा?"

"तुम्हाला ते जाणवणार नाही. म्हणून तर यंत्र लागतं. हवं तर तपासू या. तुमच्या स्वतःच्या नावावरचं लेखन असेलच."

असेलच म्हणजे काय, होतंच. बोरठाकूर बाईंनी वैजयंती सबनीस या नावावरचं सव्वीस वर्षांचं सगळं लेखन यंत्राला वाचायला दिलं, आणि जे प्रतिरूप उभं राहिलं ते तालोवात सोडलं. वीस मिनिटांत निकाल पडद्यावर आला. संकटाच्या पहिल्याच दिवशी सबनीसांच्या प्रतिरूपाने दोन दिवसांची नैमित्तिक रजा मागितली. तिसऱ्या दिवशी छपाईयंत्राची शाई संपल्याचं कळवलं. पाचव्या दिवशी खुर्चीचं एक चाक निखळल्याची तक्रार केली. योग्यता तीन टक्के.

कारण तेवढंच बाईंनी स्वतःच्या नावाने लिहिलं होतं.

"पाहिलंत?" बोरठाकूर बाई मृदू आवाजात म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका. प्रत्येक जण राजदूत व्हायला जन्मलेला नसतो."

वैजयंतीबाईंना वाटलं, त्या यंत्रावर कपातला चहा ओतावा. "अहो डॉक्टर, किल्ली माझ्या खणात असते! लिहिणारी मी आहे!"

बोरठाकूर बाईंचा चेहरा एकदम सरकारी झाला. "हे तुम्ही मला सांगितलं नाही असं मी समजते. किल्ली दुसऱ्याची वापरणं म्हणजे चौकशी. निवृत्तीला सहा आठवडे राहिलेत ना तुमचे? निवृत्तिवेतन अडकेल. आणि नियुक्ती थांबली, तर पुन्हा नवी यादी, नवी परीक्षा. आठ महिने धरा."

म्हणजे बोललं तर पेन्शन जाणार आणि खलाशी आठ महिने अडकणार. गप्प बसलं तर दीड वर्ष. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये उभं राहून यंत्राचं कौतुक ऐकायचं.

*

घरी श्रीरंग सबनीस कुडाळच्या घराच्या ओटीसाठी वेताच्या खुर्च्या बघत बसले होते. शाळामास्तर होते ते, दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झालेले. बायकोच्या निवृत्तीचा दिवस त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीने गोल करून ठेवला होता.

"तीन वर्षं?" त्यांनी विचारलं. "त्या माणसाच्या मागे अजून तीन वर्षं? वैजू, एक विचारतो. रागावू नको. तिकडे जाऊन ती माणसं तू सोडवलीस, तर नाव कुणाचं?"

"नावाचं काय घेऊन बसलात?"

"मी नाही घेऊन बसलो. तू बसली आहेस. परवापासून जेवताना ताटाकडे लक्ष नाही तुझं." त्यांनी खुर्च्यांचं चित्र बंद केलं. "नुसते खलाशी असते तर तू मुकाट्याने गेली असतीस. मला माहीत आहे. तुला राग दुसऱ्याच गोष्टीचा आलाय, आणि तो यायलाच हवा होता. वीस वर्षं उशिरा आला एवढंच."

नवऱ्याचं खरं असलं की बाईंना जास्तच चीड यायची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या नावाने मंडळाला रीतसर तक्रार लिहिली. पेन्शन गेली तर गेली. तक्रार वर गेली, तीन टेबलं फिरली आणि नवव्या दिवशी परत त्यांच्याच टेबलावर आली. वर शेरा होता: "शिफारस झालेल्या अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार, संबंधित अधिकाऱ्याच्या कार्यालयाने उत्तराचा मसुदा सादर करावा." संबंधित अधिकाऱ्याचं कार्यालय म्हणजे त्या. स्वतःच्या तक्रारीला स्वतःच उत्तर लिहायचं होतं, आणि तेही तक्रारीत तथ्य नाही असं.

"सरकारी काम आणि सहा महिने थांब" असं लोक म्हणतात. लोक फार समजूतदार असतात. बाईंनी ती फाइल खणात टाकून खण गुडघ्याने ढकलला, इतक्या जोरात की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

त्या मंगळवारी रुबीना जास्त बोलली नाही. "पाय सुजलेत म्हणतो," एवढंच म्हणाली. मग फोन ठेवता ठेवता, "म्याडम, तुमचा फोन लागतो म्हणून मी इथेच करते. बाकी कुणी उचलतच नाय."

*

शिफारस राष्ट्रपतींकडे गेली आणि चौथ्या दिवशी परत आली.

असं सहसा होत नसे. पण त्या वेळचे राष्ट्रपती वयस्क होते, झोप कमी होती, आणि समोर येणाऱ्या फायली ते खरोखर वाचायचे. त्यामुळे सगळी कचेरी त्यांना वैतागलेली होती. त्यांनी अहवालाच्या एकतिसाव्या पानावर कारकुनाच्या पत्राशेजारी पेन्सिलीने एक रेघ ओढली होती आणि समासात लिहिलं होतं: "'सवडीने, पण आजच.' हे वाक्य कुणाचं?"

एवढंच. प्रश्न मंत्र्यांकडे आला. मंत्र्यांनी "सचिवांनी पाहावे" लिहिलं. सचिवांनी "सहसचिवांनी पाहावे." असा एकेक पायरी उतरत तो सहा टेबलांवरून राजाध्यक्षांच्या नावे आला. राजाध्यक्षांनी दारातूनच सांगितलं, "सबनीसबाई, जरा बघून घ्या."

बाईंनी खण उघडला. डबी काढली. किल्ली संगणकात खोचली. 'सदर वाक्य अधिकाऱ्याच्या दीर्घ प्रशासकीय अनुभवातून आलेले आहे', अशी ओळ त्यांच्या बोटांतून आपोआप उतरली. बोटांना सवय होती. वरच्या सहा टेबलांवर कुणीही ती वाचणार नाही, हेही त्यांना माहीत होतं. सगळे "सहमत" लिहिणार. सव्वीस वर्षांत त्यांचं एकही टिपण वर कुणी वाचून बदललं नव्हतं.

कुणी वाचत नाही.

बाई खुर्चीत मागे रेलल्या. इतकी वर्षं या गोष्टीचा त्यांना संताप यायचा. कुणी वाचत नाही, सगळे नुसत्या सह्या करतात, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. ही सवय आपल्याही कामाची असू शकते, हे आजवर डोक्यात कसं आलं नाही?

त्यांनी किल्ली काढून घेतली, साहेबांच्या नावातून बाहेर पडल्या, आणि स्वतःच्या नावाने आत शिरल्या. मग लिहिलं:

"संदर्भित वाक्य माझे आहे. प्रतिमानसाने वाचलेली टिपणे श्री. राजाध्यक्ष यांच्या नावे मी लिहिली व त्यांच्या किल्लीने सहीही मीच केली. हे नियमाविरुद्ध असून त्याची जबाबदारी माझी आहे. मात्र शिफारस प्रतिमानसाच्या आधारे करायची असेल, तर ती माझ्या नावाने करावी लागेल. ते शक्य नसेल तर शिफारस मागे घ्यावी. एकोणीस खलाशी वाट पाहत आहेत. निर्णय आपल्या सवडीने, पण आजच. वैजयंती सबनीस, स्वीय सचिव."

आता यावर पहिली सही राजाध्यक्षांची हवी होती. किल्ली हातात होती. खोचली असती तर दोन सेकंदांचं काम. साहेबांना महिनाभर पत्ता लागला नसता. बाईंनी किल्ली डबीत घातली, डबी घेऊन उठल्या आणि आत जाऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"हे काय?"

"तुमची किल्ली, सर. आज तुम्ही लावा. आणि लावायच्या आधी वाचा."

राजाध्यक्षांनी डबीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं ते प्रसिद्ध हसू मावळलं. त्यांनी चष्मा शोधला. तो सापडायला वेळ लागला, कारण कचेरीत त्यांना तो फारसा लागत नसे. मग त्यांनी वाचलं. एवढं छोटं टिपण, पण ते बराच वेळ वाचत होते. बाई उभ्या होत्या. बसा म्हणायचं साहेबांना सुचलं नाही, आणि बाईंनाही बसवलं नसतं.

"तुमची पेन्शन जाईल, बाई," ते शेवटी म्हणाले.

"जाईल."

"माझी पण."

"हो, सर. त्याचं मला वाईट वाटतं. पण त्या माणसाचे पाय सुजलेत."

राजाध्यक्ष उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. आता ते 'बघू' म्हणतील, असं बाईंना वाटलं. त्या अगदी तयारच होत्या त्या शब्दाला. साहेबांनी डबी उघडली, किल्ली कुठल्या बाजूने खोचायची ते दोनदा चुकले, बाईंनी हात पुढे केला तर "नको" म्हणाले. त्यांनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत टंकलं. बाईंनी वाकून पडद्यावर बघितलं.

"वाचले. सहमत."

सव्वीस वर्षांत त्यांच्या नावाने बाईंनी हजारो वेळा 'सहमत' लिहिलं होतं. 'वाचले' हा शब्द बाईंच्याही मनात कधी आला नव्हता.

पुढचं सगळं सवयीप्रमाणे झालं. अवर सचिव, सहमत. उपसचिव, सहमत. संचालक, सहमत. सहसचिव, सचिव, सहमत, सहमत. मंत्री विमानतळावर होते. त्यांच्या स्वीय सचिवाने खणातली डबी काढली आणि सहमती दिली. तिसऱ्या दिवशी राष्ट्रपतींच्या हाती सरकारची एकमुखी शिफारस पडली, की तालोवात वैजयंती सबनीसांना पाठवावं. त्यांनी तिथल्या तिथे सही केली. शिवाय, किल्लीच्या नियमभंगाबद्दल संबंधितांना आपण समक्ष ताकीद देणार आहोत, तेव्हा त्यांना चहाला आणावं, असं समासात लिहिलं.

आदेश निघाल्यावर जो हलकल्लोळ माजला तो वर्णन करण्यात अर्थ नाही. बोरठाकूर बाईंनी प्रतिमानस पुन्हा चालवलं, तेव्हा नियुक्त झालेल्या कित्येक बड्या लोकांची प्रतिरूपं त्यांच्या स्वीय सचिवांची निघाली, म्हणून तो तपास घाईघाईने गोपनीय केला गेला. मंत्री संतापले, पण संतापून सांगणार काय? आम्ही न वाचता सही केली, असं म्हणायला खालपासून वरपर्यंत एकही माणूस तयार होईना. तालोवाच्या सरकारने बाईंच्या नावाला नऊ दिवसांत संमती दिली. श्रीरंगरावांनी वेताच्या खुर्च्यांऐवजी दोन मोठ्या बॅगा आणल्या.

राहिलं होतं ते परिचयपत्र, म्हणजे आपल्या राष्ट्रपतींनी तालोवाच्या राष्ट्राध्यक्षांना लिहायचं पत्र, की या आमच्या राजदूत, यांच्या शब्दावर आमच्या शब्दाइतकाच विश्वास ठेवावा. प्रथेप्रमाणे त्याचा मसुदा बाईंच्या टेबलावर आला.

"सर," बाई म्हणाल्या, "हा तुम्ही लिहा."

साहेबांनी दार लावून घेतलं. अडीच तासांनी बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात चार ओळी होत्या आणि कपाळावर घाम होता. ओळी ओबडधोबड होत्या. दुसऱ्या ओळीत 'या बाई कागद कुठे अडलाय ते विचारतात' असं सरळ लिहिलं होतं, जे कुठल्याही परिचयपत्रात कधी कुणी लिहिलं नसेल. नव्या नियमाप्रमाणे आता प्रत्येक मसुद्याचा लेखक प्रतिमानसाकडून तपासून घ्यावा लागायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मसुदा तपासायला दिला, तेव्हा यंत्राने क्षणभरात उत्तर दिलं: जुळणी अकरा टक्के. हा मसुदा यशोधन राजाध्यक्ष यांचा असण्याची शक्यता नाही.

"बघा!" राजाध्यक्ष जवळजवळ ओरडलेच. "आयुष्यात पहिल्यांदा स्वतः लिहिलं, तर म्हणे मी नाहीच!"

"आता कळलं, सर, मला कसं वाटलं होतं ते?"

साहेब काही तरी बोलणार होते, तेवढ्यात बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मंगळवार होता. बाईंचे दोन्ही हात विमानाच्या कागदांनी भरलेले होते. तासाभरात निघायचं होतं. त्यांनी कागद खाली ठेवायला जागा शोधली, ती सापडेना, आणि फोन वाजतच राहिला.

राजाध्यक्षांनी तो उचलला. सव्वीस वर्षांत त्या टेबलावरचा फोन त्यांनी उचललेला बाईंनी पहिल्यांदाच बघितला.

"नाही, त्या निघतायत. हो, त्याच. आजच," ते म्हणाले. "मी? मी राजाध्यक्ष. बाईंच्या ऑफिसातला." पलीकडून रुबीना काहीतरी भराभर सांगत होती. साहेब ऐकत होते. मग त्यांनी टेबलावरचा कागद पुढे ओढला, खिसा चाचपून पेन काढलं आणि बाईंच्या रिकाम्या खुर्चीत बसले.

"सावकाश सांगा," ते म्हणाले. "मी लिहून घेतोय. गोळ्यांचं नाव काय? आणि कोणता कागद अडलाय?"